कार्डांमागची नावं

क्रिकेटच्या जुन्या कार्डांना पैसे मिळतात हे ऐकून माया आधी हसलीच होती. चिंगमच्या पाकिटात फुकट निघायची ती कार्डं. तिचा थोरला भाऊ धम्मदीप म्हणजे गावच्या पोरांत कार्डांच्या खेळातला मुकादम. काविळीनं तो गेला, त्याला वर्ष झालं. मागं राहिलं काय, तर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकशे वीस कार्डं.

त्यांच्या गावच्या, न्हावऱ्याच्या, बुद्धविहारातली पुस्तकं गोणीत पडली होती आणि उंदीर चवीनं वाचत होते. डबा विकून तिथं एक लोखंडी कपाट घ्यायचं आणि त्यावर भावाचं नाव रंगवून घ्यायचं, असं मायानं ठरवलं. आई, विठाबाई, म्हणाली, "कर बाई. त्येचं नाव ऱ्हायलं म्हंजी झालं." आणि डोळ्याला पदर लावला.

माया शिरूरला एका लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावायची. भुताखेताची गोष्ट सांगणाऱ्याला ती आधी त्याचं हिमोग्लोबिन विचारायची. लॅबमधल्याच एकानं तिला दौंडच्या हौसराव मामांचा पत्ता दिला. रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ जुनी तिकिटं, काडेपेट्या, कार्डं असलं काहीबाही जमवायचे.

मामांनी एकेक कार्ड भिंगाखाली धरलं. कोपरे पाहिले, रंग पाहिला, वास घेतला. मग सव्वीस कार्डं बाजूला काढून उलटी मांडली. मागच्या बाजूला, धावांच्या आकड्यांखाली, पेन्सिलीनं नावं लिहिलेली होती.

"हे काय हाय?"

"हरलेल्या पोरांची नावं," माया म्हणाली आणि तिनं खेळ समजावून सांगितला. जमिनीवर थाप मारून कार्ड उलटवायचं. हरला त्याचं कार्ड जायचं, पण जाण्याआधी तो मागं स्वतःच्या हातानं नाव लिहायचा. नाव आहे तोवर तो डावात. कधीही येऊन कार्ड परत जिंकू शकायचा. नाव पुसायचं तेही त्यानंच. दुसऱ्याच्या हातचं लिहिणं आणि पुसणं, दोन्ही बाद.

"पोरांचा खेळ झाला त्यो," मामा म्हणाले. "संच पुरा हाय, पर नावांसकट पंधराशे. साफ करून आणा, सहा हजार देतो. खोडरबर मऊ घ्या, हात हलका ठेवा."

सहा हजारात कपाटही आलं असतं आणि वर चार पुस्तकं. शनिवारी दुपारी मायानं अंगणात चटई टाकली आणि पंचवीस नावं पुसली. बन्सी, पप्पू, हनुमंत. सगळी गावातलीच पोरं, आता मिशा आलेली. सव्विसावं कार्ड मात्र तिनं तसंच ठेवलं. नऊ वर्षांची असताना तिनं भावाला एकदाच हरवलं होतं. रडकं तोंड करून त्यानं मागं 'धम्मदीप' लिहिलं होतं, 'प'ची काठी पार खालपर्यंत ओढून. जिंकलेलं ते कार्ड तिनं त्याच्याच डब्यात ठेवलं होतं.

रविवारी पहिल्या गाडीनं जाऊन तिनं डबा मामांकडं ठेवला. "हे एवढं एक पुसू नका. पैसे कमी द्या."

"बरं," मामा म्हणाले. "उद्या या."

सोमवारी सकाळी दूध न्यायला भलताच माणूस आला.

"बन्सी कुठाय?" मायानं विचारलं.

"कोण बन्सी? हितं तर मीच येतोय पयल्यापास्नं."

आईनं रोजच्यासारखं त्याच्या कॅनमध्ये दूध ओतलं. माया तशीच चार घरं टाकून पलीकडं गेली. बन्सीची आई सगुणाबाई पडवीत कांदे निवडत होती.

"बन्सी? मला दोन पोरीच. तुला ठावं न्हाई व्हय?"

उंबऱ्याशी दहा नंबरची पुरुषी चप्पल होती, टाचेला शेण लागलेली. सगुणाबाईला नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती.

"मग ही कुणाची?"

सगुणाबाईनं चपलेकडं बराच वेळ पाहिलं. "आसंल कुणाची तरी," ती म्हणाली आणि पुन्हा कांदे निवडू लागली.

माया लॅबला गेली नाही. मिळेल त्या जीपनं चौफुला आणि तिथून एसटीनं दौंड. आपण घाबरलोय हे वाटेत तिनं स्वतःशी कबूल केलं.

हौसराव मामा खूश होते. "बसा, ताई. ते एक ऱ्हायलं व्हतं, म्या पुसून टाकलं. एका नावापायी पोरीचं नुकसान कशाला? ह्ये घ्या, पुरे सहा हजार."

"कधी पुसलं?"

"आत्ताच की. तासही झाला न्हाई."

तिनं कार्ड हिसकावून घेतलं. मागची बाजू कोरी होती. उजेडाकडं तिरपं धरल्यावर एका लांब काठीची खूण दिसली, तेवढीच. तिनं पर्समधून पेन काढलं तसा मामांनी तिचा हात धरला. "आवो, पेन नगं! मातेरं व्हईल." त्यांनी कार्ड डब्यात ठेवलं आणि पैशाचं पाकीट तिच्या हातात दिलं. "कुनाची म्हणालात ही कार्डं?"

"माझ्या भावाची," माया म्हणाली. नाव सांगायला तिला जरा वेळ लागला.

एसटीत बसल्या बसल्या तिनं पेननं डाव्या तळहातावर ते लिहिलं. दुसऱ्याच्या हातचं लिहिणं बाद, हे तिला आठवत होतं. तरी लिहिलं. 'म्म'पाशी ती थांबली, डोळे मिटून आठवलं आणि पुरं केलं. मग मूठ घट्ट मिटून घेतली.

घरी धम्मदीपच्या फोटोच्या खिळ्यावर आता कॅलेंडर लटकत होतं.

"पैसं कशाचं गं?" आईनं विचारलं.

"कपाटाचं," माया म्हणाली.

"व्हय की. इहारातल्या."

दुसऱ्या दिवशी शिरूरहून कपाट आलं. छान राखाडी रंगाचं, चार कप्प्यांचं. गावातला पेंटर पांढऱ्या रंगाचा डबा उघडून समोर बसला.

"नाव कुणाचं टाकायचं?"

विठाबाईनं मायाकडं पाहिलं. मायानं आईकडं पाहिलं.

"नुसतं 'ग्रंथालय' लिहा," माया म्हणाली.

पुस्तकं उचलायला तिनं हात पुढं केले. डाव्या तळहातावर पेनाची निळी अक्षरं होती. तिनं ती वाचली. धम्मदीप. लॅबमध्ये चिठ्ठ्या संपल्या की ती पेशंटचं नाव असं हातावर लिहून ठेवायची. असेल कुणीतरी पेशंट.

पुस्तकांना डाग पडायला नकोत म्हणून ती आधी नळावर हात धुवायला गेली.