नकाशात नसलेला सुतार

जुन्या छापखान्याला सतरा खिडक्या होत्या. त्यांतल्या अकरांच्या काचा शाबूत होत्या. चार खांब, एक गळकं छप्पर आणि मागच्या कोपऱ्यात एक सुतार. तिच्या हातातल्या नकाशात सुतार नव्हता.

"तुम्ही कोण?" तिनं विचारलं.

"मी इथलाच. तुम्ही?"

"मी... आवाज मोजते."

"बापरे! मग जपूनच बोलायला हवं," म्हणत त्यानं रंध्याचं यंत्र बंद केलं. भुसा हवेत तरंगत राहिला... उन्हाच्या तिरिपेत, सोनेरी, निवांत.

ओस पडलेली ती गल्ली पुन्हा गजबजावी म्हणून छापखान्यात को-वर्किंगची जागा होणार होती. नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांसाठी चाळीस टेबलं. टेबलांपाशी आवाज पंचेचाळीस डेसिबलच्या आत हवा. नाहीतर सुतारानं वडिलांपासूनचं बस्तान हलवायचं, असं आर्किटेक्ट बाईंनी ठणकावलं होतं. सगळी भिस्त तिच्या मोजणीवर.

ती नऊ दिवस आली. नऊही दिवस आकडा चाळिशीच्या खाली! मोजून झालं की तो लाकडी ठोकळ्यावर चहा ठेवायचा. तिच्या केसांतला भुसा बोटानं दाखवायचा, काढायचा मात्र नाही. अहवाल लिहिताना तिचं मन पिसासारखं हलकं झालं — तो राहणार.

दहाव्या दिवशी वरच्या मजल्यावरून त्याची मावशी ओरडली, "पोरी, तू रोज येत जा बाई! तुझी यायची वेळ झाली की हा यंत्र बंद करतो. तेवढीच माझ्या कानांना विश्रांती!"

तिचा कप ओठांपाशीच थांबला. "खरंय हे?"

"तुम्ही मोजत होतात... मध्ये गोंगाट कसा करायचा?"

"अहो, तोच तर मोजायचा होता!"

तो खाली बघत पुटपुटला, "आणि... यंत्र चालू असलं की तुमची पावलं ऐकू येत नाहीत."

रागाचे शब्द तिच्या ओठांवर आले होते, पण कुठेतरी विरघळले. "चालू करा," एवढंच ती म्हणाली.

एकाहत्तर.

तिनं अहवाल फाडला.

"म्हणजे मी गाशा गुंडाळायचा?"

"खोट्या आकड्यावर राहिलात, तर आठवड्याभरात चाळीस जण मिळून हाकलतील. भिंत बांधू. दुहेरी, मध्ये लोकर भरून."

"लाकूड माझं."

"गणित माझं."

तीन आठवडे ती फटी शोधत होती, तो बुजवत होता. त्यातल्याच कुठल्याशा फटीतून 'तुम्ही' निसटून गेलं — कधी, ते दोघांनाही कळलं नाही.

शेवटच्या दिवशी आर्किटेक्ट बाई टेबलांपाशी येऊन उभ्या राहिल्या. "यंत्र लाव, आणि जोरात ओरडही," ती त्याला सांगून आली. बाईंनी मीटर पाहिलं. त्रेचाळीस. "राहू दे तुमचा सुतार," म्हणत त्यांनी सही केली.

ती भिंतीला वळसा घालून धावली. त्यानं यंत्र थांबवलं.

"राहिलास! आणि ओरडलास काय?"

"ऐकू नाही आलं?"

"एक अक्षरसुद्धा नाही."

"भिंत झकास झाली म्हणायची."

"विषय बदलू नकोस हं."

त्याचे कान लाल झाले. "पुन्हा तेवढ्या जोरात... नाही जमायचं."

"मग हळू सांग."

तो जवळ आला. आज पहिल्यांदाच त्यानं तिच्या केसांतला भुसा काढला.

"माझी होशील?"

"हो..."

मीटर तिच्या हातात चालूच होतं. शेवटची नोंद : अडतीस डेसिबल.