नखाच्या मुळाशी

एकोणीसशे सहासष्टचा मे महिना. डॉक्टर गुप्त्यांनी मला पालघरच्या बाजारातून एरंडेलाची बाटली आणायला सांगितली. मनोर रस्त्यावरच्या त्यांच्या लहानशा दवाखान्यात मी लॅब सांभाळायचो. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून बोट मायक्रोस्कोपखाली धरलं, की कातडीतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या दिसतात. ज्यांचं हृदय वर्षानुवर्षं थकत आलंय, त्यांच्या या वाहिन्या फुगतात, पिळवटतात. रक्त मुंगीच्या चालीनं सरकतं. डॉक्टरांना यावर निबंध लिहायचा होता.

मासवणच्या सोजराबाई त्यासाठीच ठेवून घेतलेल्या. पाय सुजलेले, उशांना टेकून बसल्याशिवाय श्वास नाही. रोज दुपारी त्यांचं गार बोट मी धरायचो.

"नागोराव, मला घरा जाऊ द्या," त्या एकदा म्हणाल्या. "माज्या लेकीला, सुलूला, नववा लागलाय. तिला माज्याबिगर कोन हाय? मी काय आता बरी व्हनार नाय."

मी डॉक्टरांना सांगितलं. चित्र काढता काढता ते म्हणाले, "आणखी आठ दिवस. आत्ता कुठे वाहिन्या छान दिसू लागल्यात."

बाईंना मी सांगितलं, घरी गेलात तर जीव जाईल. खोटं होतं ते. निबंधावर माझंही नाव येणार होतं.

सहाव्या दिवशी दुपारी दोनला त्या गेल्या. डॉक्टरांनी नाडी पाहिली, छाती तपासली, बाईंचे डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, "तेल आण. थांबलेल्या रक्ताचंही चित्र हवं."

खिडकीतून शेजारच्या वखारीतल्या वाळक्या गवताचा वास येत होता. डॉक्टर भिंगाला डोळा लावून बसले, ते हलेचनात.

"डॉक्टर...?"

"तू बघ."

रक्त वाहत होतं. भराभर, तरण्या माणसाचं वाहावं तसं. मी बाईंच्या छातीवर हात ठेवला. काहीच नाही... पुन्हा पाहिलं. वाहतच होतं.

साडेतीनला ते एकाएकी थांबलं.

दिवस मावळायच्या आत बाईंचा दीर बैलगाडी घेऊन आला. त्याला आम्ही निरोपही धाडला नव्हता.

"वैनीला न्यायला आलो," तो म्हणाला. "सुलू दोनला बाळंत झाली. घरात बाईमानूस कोनी नव्हतं. रगत थांबलंच नाय... साडेतीनला गेली."

गाडी गेल्यावर डॉक्टरांनी स्वतःच्या नखावर तेल टाकलं, भिंगातून पाहिलं आणि पांढरेफटक पडून बाजूला सरले.

मी पाहिलं. वाहिन्या निरोगी, सरळ. आत रक्त जागच्या जागी गोठलेलं. मी त्यांचं मनगट धरलं. नाडी व्यवस्थित चालू होती.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. रोज ते बोट पाहायचे, रोज मला दाखवायचे. एकदाही काही हललं नाही.