वरच्या वाड्याची टाकी

सगुण सापडला तोवर गावाचा सकाळचा चहा दोनदा होऊन गेला होता.

नळातून केस येतात अशी तक्रार मंगळवारी सकाळी आली, म्हणून कोणीतरी टेकडीवरच्या टाकीचं लोखंडी झाकण उचललं. आत टाकी सांभाळणारा सगुण तरंगत होता. रविवारपासून तो घरी नव्हता, आणि खाली डिचोली तालुक्यातलं ते अख्खं गाव त्याच टाकीचं पाणी पीत होतं.

उपनिरीक्षक रेश्मानं प्रेताची बोटं पाहिली. ठेचलेली. वर येणाऱ्याच्या हातांवर कोणीतरी झाकण टाकलं होतं. पँटला सिमेंट लागलं होतं.

"टाकीची दुरुस्ती केली असेल," हवालदार बाबली म्हणाला.

टाकीची दुरुस्ती ती बांधल्यापासून झाली नव्हती.

साहेबांचा फोन आला. संशयित तयार होता: योगेश, सावंतवाडीकडचा टँकरवाला. कबुली संध्याकाळपर्यंत हवी. पर्यटक येण्याचे दिवस.

"भांडलास ना सगुणशी?" रेश्मानं कोठडीत विचारलं.

"भांडलंय, मॅडम. तो टँकर भरूक देय नाय. पण मारूक कित्याक? उद्या परत भरूक तोच लागतलो!"

तिला पटलं. साहेबांना पटलं नाही. योगेशला बाबलीच्या हवाली करून ती सिमेंटचा माग काढत ओहोळाकडे गेली. गावाचा पंप तिथलंच पाणी फिल्टरात आणि तिथून टाकीत चढवतो. पंपाच्या वर, झुडपात, एक जाड पाइप होता. तोंडावर ताजं सिमेंट, तेही फोडलेलं. पाइप जात होता कृष्णनाथच्या हॉटेलापर्यंत. कृष्णनाथ देवस्थान समितीचा अध्यक्ष.

त्याच्या घरी बायकोनं, सत्यवतीनं, तांब्या पुढे केला. रेश्मानं हात लावला नाही.

"भिऊ नका गो बाय, विहिरीचं हे. नळाचं दोन दिवस प्यालो तेवढं पुरे! आमचं चेडू तर शाळेत बाटली भरून न्यायचं. नशीब, देवाक तरी लागलं नाय. सोमवारी सकाळीच ह्यांनी देवासाठी विहिरीवरनं घागर आणली. लग्न झाल्यापासून कधी पेला उचलूक नाय, बघा!"

कृष्णनाथ आतून आला. उघडा, कपाळाला गंध.

"विहिरीवर का गेलात?"

"नळाला वास येत होता."

"तक्रार मंगळवारची. सोमवारी गावात कोणालाच वास आला नाही."

"आमचं नाक तिखट."

"मग ओहोळात सांडपाणी सोडताना सर्दी होती?"

तो परत आत जायला वळला.

"सगुणनं रविवारी तुमचा पाइप सिमेंटनं बुजवला," रेश्मा म्हणाली. "हॉटेलात घाण तुंबली. तुम्ही टाकीवर जाब विचारायला गेलात. तो क्लोरीन टाकायला वाकला होता, तुम्ही ढकललंत. वर येऊ लागला, तेव्हा झाकण टाकलंत. योगेशचं भांडण गावानं पाहिलेलंच. सगळं जमलं होतं. पण सोमवारी पूजेला बसलात आणि अडलात. प्रेताचं पाणी देवावर कसं घालणार? गावाला पाजलंत, घरच्यांना पाजलंत, देवाला तेवढं वगळलंत. टाकीत प्रेत आहे हे सोमवारी एकट्या मारणाऱ्यालाच ठाऊक होतं."

कृष्णनाथनं उपरणं सावरलं.

"सांडपाणी फिल्टरातून जातं," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "टाकीच्या पुढे फिल्टर नाही. देवाला विटाळ कसा चालेल?"

"देवाक नाय चालत," सत्यवती हळू म्हणाली, "आणि चेडवाक चालता?"

"मुलगी लहान आहे. तिला कसलं सोवळं?"

सत्यवतीनं हातातला तांब्या त्याच्या कपाळावर मारला. रेश्मानं तिला अडवायला जरा वेळच लावला. मग त्याला बेड्या घातल्या आणि बाबलीला फोन केला.

"योगेशला सोड."

"पण मॅडम, त्यानं आत्ताच कबूल केलं."

"सोड म्हणते ना!"

"सोडतो. पण गाडी पाठवा. त्याला उभं राहता येत नाही."