पाच गुंजा अफू

“आबा, हकीमसाहेब किल्लेदारांना संध्याकाळी काय देतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का हो?”

हा प्रश्न द्वारकेच्या डोक्यातला नव्हता. हत्तीटाक्यावर पाणी भरता भरता मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात घातला होता. “एवढी शूर ना तू? मग विचार आबांना! नाही विचारलंस तर उद्यापासून आमच्याही घागरी तूच वाहायच्या!” पूर्वेला नुकतं तांबडं फुटलं होतं. वेटोळं घालून बसलेल्या सापासारखा घोणसगडाचा तट धुक्यातून हळूहळू वर येत होता. खाली माळावर मोंगलांचे डेरे तीन महिने झाले तरी हलत नव्हते. अशा त्या पहाटे एक घागर डोक्यावर, एक कडेवर घेऊन घरी आलेल्या त्या चौदा वर्षांच्या पोरीने ओटीवर पाय ठेवताच प्रश्न टाकला.

तिचे आबा, विसाजीपंत वैद्य, खलात मात्रा घोटत होते.

“ज्याचं औषध त्याच्यापाशी,” ते म्हणाले. “पुन्हा हा विषय या घरात नको.”

घरातच काय, साऱ्या गडावर तो विषय नको होता. पूर्वी एका किल्लेदाराला दोन वैद्यांनी संगनमताने विष घातलं, तेव्हापासून सबनीस मोरो त्रिमळ यांनी कायदाच केला होता. आजाऱ्याकडे वैद्याने सकाळी जावं, जखम बांधणाऱ्या जिऊ न्हाविणीने दुपारी, हकिमाने संध्याकाळी. एकाने दुसऱ्याचं तोंड पाहू नये. ज्याने त्याने आपल्या औषधाचा एक घोट सबनिसांसमोर स्वतः घ्यावा आणि मगच किल्लेदारांना द्यावं. यापरता चोख बंदोबस्त कोणता असणार?

आणि तरीही किल्लेदार दमाजी घोलप बुडत चालले होते. बुरुजावर तोफेचा गोळा बसला, दगडाची कपची त्यांच्या मांडीत शिरली, रक्त फार गेलं, तरी पहिले दोन दिवस त्यांनी पलंगावरून तोफांचे हुकूम सोडले होते. पाचव्या दिवशी मात्र हाक मारली तरी पापणी हलेना. त्या संध्याकाळी मोरो त्रिमळांनी हकीम सुलेमानांना बेड्या घातल्या. “मोंगलांना फितूर झाला! उद्या पहिल्या प्रहरी कडेलोट. आणि दुपारपर्यंत किल्लेदार शुद्धीवर आले नाहीत तर किल्ल्या मोंगलांच्या वकिलाच्या हाती देऊन निदान माणसं तरी वाचवू.”

ती उद्याची पहाट म्हणजे हीच पहाट.

बाप उत्तर देईना म्हणून द्वारका काल राहिलेली औषधाची वाटी आणायला किल्लेदारांच्या वाड्यावर गेली. गडबडीत आज जिऊ न्हाविणीला सकाळीच बोलावलं होतं. साठी उलटलेली, गडावरचं निम्मं पोर जिच्या हातून जन्मलं अशी ती म्हातारी किल्लेदारांची पापणी वर करून बघत होती.

“ये गं, वैद्याची पोर. बघ ही बुबुळं. मोहरीएवढी झाल्यात.”

“म्हणजे काय, जिऊमावशी?”

“म्हंजी अफू. तान्ह्या पोरांत लई बघितलंय म्यां. आई रानात जाताना लेकराला अफू चाटवती, सासू बी सुनंला न सांगता चाटवती. दोघींचाबी जीव त्याच्यावरच, आन् दोघींच्या मायेत लेकरू मरून जातं.” तिने पापणी अलगद मिटवली. “पन इथं कोन बोलंल? धन्यांचाच हुकूम हाय ना.”

हुकूम होता खरा. पहारेकरी अफूच्या तारेत झोपले म्हणून वेढ्याच्या पहिल्याच महिन्यात दमाजींनी दवंडी पिटवली होती, ज्याच्यापाशी अफू सापडेल त्याला टकमकीच्या कड्यावरून खाली ढकलावं.

आबांची ती काळी मात्रा गेले पाच दिवस तिनेच घोटली होती, आणि तिच्यात कळ मारायला दोन गुंजा काय पडतं हे आबांच्याखेरीज फक्त तिलाच ठाऊक होतं.

ती धावत घरी आली तेव्हा विसाजीपंत पागोटं बांधत होते.

“आबा, हकीमसाहेबही अफूच देत असले तर? त्यांचा जीव जाईल, किल्लेदारांचाही जाईल!”

“आणि मी तोंड उघडलं तर?” विसाजीपंतांचा आवाज फुटला. “तुझ्या आईचं कुंकू जाईल, कळतंय का तुला? गप्प राहायचं, द्वारके. तुला माझ्या गळ्याची शपथ.”

चुलीपाशी बसलेल्या तिच्या आईने, उमाबाईंनी, तोंडाला पदर लावला.

सदर कड्याजवळच होती. बेड्या घातलेले, रात्रभरच्या माराने एका कुशीला वाकलेले हकीम सुलेमान ताठ उभं राहण्याची शिकस्त करत होते.

“अखेरचं विचारतो,” मोरो त्रिमळ म्हणाले. “संध्याकाळी चाटवता त्या माजुनात काय घातलंत?”

“सबनीससाहेब, ते गुपित मला माझ्या उस्तादांनी दिलं. ते जिभेवर येणार नाही. विष नव्हतं, एवढं खुदाला ठाऊक.”

“खुदाला विचारायला तुम्हांलाच पाठवतो!”

कोणीतरी हसलं. दोन धारकऱ्यांनी हकिमांचे दंड धरले. गर्दीत विसाजीपंत खाली मान घालून उभे होते, आणि द्वारका त्यांच्याकडे पाहत होती. आता बोलतील, आता तरी बोलतील! कडा दहा पावलांवर आला, पाचांवर आला, आणि मग त्या पोरीने जे केलं ते गडावर कोणत्याही बाईमाणसाने तोवर केलं नव्हतं. ती सरळ सदरेच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

“थांबा! माझ्या आबांच्या मात्रेत अफू आहे! दोन गुंजा. मी माझ्या हातांनी घोटलीय!”

विसाजीपंतांनी डोळे मिटून घेतले. पण हकीम सुलेमान गर्रकन वळले. त्यांच्या चेहऱ्यावर स्वतःच्या मरणाचं भय नव्हतं, आजाऱ्यासाठी वैद्याला वाटतं ते भय होतं.

“किती म्हणालीस, बेटी?”

“दोन गुंजा. रोज सकाळी.”

“या अल्ला! आणि मी रोज संध्याकाळी तीन!”

विसाजीपंतांची मान झटक्यात वर झाली. पाच वर्षं एका गडावर राहून त्या दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत आज पहिल्यांदा पाहिलं.

“रोज पाच गुंजा,” विसाजीपंत पुटपुटले. “रक्त गेलेल्या माणसाला. हकीमसाहेब, आपण दोघांनी...”

“मग दोघांनाही ढकला!” मोरो त्रिमळ ओरडले.

“ढकला की!” मागून जिऊ न्हावीण कडाडली. “पर आदी धनी जागं होऊ द्या! ह्येंना दरीत टाकल्यावर त्येंला उठवनार कोन? तुमी?”

गर्दीतून धारकऱ्यांचा पहिला होकार उठला, मग दुसरा, आणि बेड्या तोडल्याशिवाय सबनिसांना गत्यंतर उरलं नाही.

मग त्या वाड्यात जे चाललं ते कोणत्याच शास्त्रात एकत्र लिहिलेलं नव्हतं. हकिमांनी बुंद, म्हणजे कॉफीच्या बिया, कुटून झोप उडवणारा कडक कहवा उकळला. विसाजीपंतांनी मिरी-सुंठीचं नस्य नाकाशी धरलं. ते श्वास मोजून मोठ्याने आकडा सांगत आणि त्या आकड्यावरून हकीम कहव्याचा पुढचा चमचा ठरवत. जिऊने आवळून बांधलेली पट्टी सोडून पू वाहता केला, तळपायांवर चापट्या मारल्या आणि दोघांनाही दरडावलं, “उतानं निजवू नका, कुशीवर धरा! घुसमटंल!” द्वारका उशाशी बसून घसा बसेपर्यंत हाका मारत होती. “किल्लेदारसाहेब, उठा! मोंगल दारात आलाय, उठा!”

दुपार होता होता दमाजी घोलपांनी एक अस्सल शिवी हासडली. शिवी ऐकून जिऊ रडायलाच लागली.

वकील आला तेव्हा किल्लेदार चौघांच्या खांद्यांवर का होईना, पण बुरुजावर उभे होते. किल्ल्या गडावरच राहिल्या.

पण सगळं गोड झालं नाही. दमाजींनी दोघांचे प्राण राखले, परंतु हुकूम मोडून अफू बाळगल्याबद्दल विसाजीपंतांची गडाची वैद्यकी गेली. खाल्लेला मार हीच शिक्षा मानून हकिमांना सोडलं, पण त्यांच्या मोडलेल्या बरगड्या दर श्वासाला दुखत होत्या. मोरो त्रिमळ सबनिशीवर तसेच राहिले. कायदा पाळणाऱ्याला शिक्षा कशाची करायची? आणि जिऊचं नाव दप्तरात कुठेच आलं नाही.

किल्लेदारांची जखम अजून वाहतच होती. नवा हुकूम निघाला, तिघांनी रोज समोरासमोर बसावं, प्रत्येक जिन्नस मोठ्याने सांगावा, मगच औषध द्यावं. वैद्यकी नसली तरी विसाजीपंतांनाही बोलावणं आलं. ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवस ते लेकीशी बोलले नव्हते.

“सात पिढ्यांची विद्या चव्हाट्यावर मांडायची?” पाचव्या दिवशी ते भिंतीकडे बघत म्हणाले. “त्यापेक्षा गड उतरलेला बरा. बांधा सामान.”

उमाबाई उठल्या. द्वारका मात्र उठली नाही. तिने खल पुढे ओढला, त्यात हिरडा टाकला आणि घोटायला लागली.

“आई, माझं सामान बांधू नकोस. आबा, तुम्ही आलात तर मला फार बरं वाटेल. नाही आलात तर सकाळी वाड्यावर मी जाणार आहे, हकीमसाहेब आणि जिऊमावशीच्या शेजारी बसणार आहे, आणि ते विचारतील तो प्रत्येक जिन्नस, वजनासकट, सांगणार आहे.”