पूरक ध्वनी

गोठणेवाडीच्या देवराईत शिरताना पायांतल्या वहाणांबरोबर कानांतले दागिनेही बाहेर ठेवावे लागतात. हा रिवाज निसर्गशिक्षण मंडळाच्या नियमावलीत नव्हता. आठवीतल्या कादंबरी घाडीने कुड्या काढल्या आणि त्यांच्यासोबत 'श्रुतिका'ही रुमालात बांधून ठेवली.

श्रुतिका म्हणजे वाटाण्याएवढे कर्णयंत्र. रानातले आवाज टिपायचे आणि स्वच्छ करून मुलांच्या कानांत सोडायचे, एवढेच तिचे काम, असे मंडळ सांगे. बारा मुलांनी अर्धा तास राईत बसायचे आणि ऐकू आलेल्या पक्ष्यांची नावे लिहायची, ही निसर्गप्रेमाची वार्षिक परीक्षा. प्रेमाला गुण मिळू लागल्यापासून ते दरवर्षी वाढत होते.

अकरा मुलांनी चौदा पक्षी लिहिले. तेच चौदा, त्याच क्रमाने. कॉपी म्हणावी, तर मुले एकमेकांपासून वीस-वीस पावलांवर बसलेली. कादंबरीचा कागद कोरा होता.

"झोप काढलीस काय गं?" यमुनाबाईंनी विचारले. सहा वर्षे त्या हा विषय शिकवत होत्या.

"नाय बाई. माका कायएक ऐकाक येना नाय."

यमुनाबाईंनी तिच्या मोकळ्या कानांकडे पाहिले आणि आपलीही श्रुतिका काढली. पाने सळसळत होती. बाकी काही नाही. पुन्हा घातली : तांबट, हळद्या, धनेश. काढली : पाने. दिव्याचे बटण दाबावे, तसे सारे पक्षी विझत होते.

"त्याला पूरक ध्वनी म्हणतात," मंडळाचे समन्वयक दाभाडकर शांतपणे म्हणाले. "रिकाम्या रानात मुलं खिन्न होतात, बाई. खिन्न मुलं निसर्गावर प्रेम करत नाहीत. संशोधन आहे तसं."

"आणि हे कागद कुठे जातात?"

"पक्षिगणनेला. मुलांची साक्ष सगळ्यांत निर्मळ."

म्हणजे सहा वर्षे राईला 'समृद्ध' हा शेरा मिळत होता तो या निर्मळ साक्षीवर. समृद्ध रानात काय बिघडले, हे पाहायला कोण येणार? यमुनाबाईंना स्वतःच्या सहा सह्या आठवल्या.

"मुलीला शून्य द्या आणि सही करा," दाभाडकरांनी पेन पुढे केले.

"शून्य दिलं तर हिला वनशाळेत प्रवेश नाही."

"मग पास करा. पण हिचं उत्तर बरोबर ठरलं, तर बाकी अकराजण नापास. पालकांना काय सांगाल? मुलांनी फार छान ऐकलं, म्हणून नापास?"

यमुनाबाईंनी पेन घेतले. कादंबरीच्या कोऱ्या कागदावर पूर्ण गुण लिहिले, खाली सही केली. उरलेल्या अकरा कागदांवर एकच शेरा लिहिला : परीक्षा रद्द.

"श्रुतिका काढा रे सगळ्यांनी. परत बसायचंय."

"बाई," तन्मय राऊळ कुरकुरला, "मग ऐकायचं कशानं?"

दाभाडकर हसले. दुसरे कोणी हसले नाही.

मुलांनी यंत्रे काढली. पहिली काही मिनिटे ती चुळबुळत राहिली. मग शांतता त्यांच्यापर्यंत पोहोचली असावी, कारण एकेक चेहरा उतरत गेला. एका मुलीने कान चोळून पाहिले.

इतक्यात ओढ्याच्या बाजूने एक शीळ आली. घोगरी, अर्ध्यावर तुटलेली. पुन्हा एकदा आली आणि थांबली.

"बाई, कोण हा?" कादंबरीने कुजबुजत विचारले.

बाराही चेहरे यमुनाबाईंकडे वळले. त्यांना शेकडो आवाज पाठ होते, सगळे श्रुतिकेने घासूनपुसून दिलेले. हा त्यांतला नव्हता, किंवा त्यांतलाच कुणी आपल्या खऱ्या, न घासलेल्या आवाजात असेल. त्यांची नजर फांद्यांवरून फिरू लागली, आणि मंडळाने तिथे एखादा ध्वनिक्षेपक तर लपवला नाही ना, हेच आपण पक्ष्याआधी शोधतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले.

कादंबरी केव्हाच उठून अनवाणी ओढ्याकडे निघाली होती. तिथे खरेच कुणी जिवंत असले, तर त्याला नावाने ओळखणारे आता कोण उरले होते?