बिल्ल्यामागची चकती

देवाला साक्षी ठेवून सांगतो, यातलं अक्षरही पदरचं नाही. ज्याच्यावर बेतलं, त्या घड्याळजीनेच मला हे सांगितलं. सांगताना त्याचा हात सारखा छातीवर, कोटाच्या डाव्या बाजूला.

पूर्वरंग लांबवत नाही.

घड्याळजी आणि त्याचा शिंपी साडू, दोघांना वेड एकच. सोव्हिएत काळातले जुने बिल्ले. सैनिकांचे, तिथल्या मुलांच्या संघटनांचेही. कुरळ्या केसांच्या बाळाचा चेहरा असलेले लाल तारे तर दोघांकडे मूठ-मूठभर. दर रविवारी दुपारी चारला घड्याळांच्या दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि दोघं भिंग घेऊन बसायचे. शिंप्याने आपले सगळे बिल्ले एका लोकरी कोटावर लावले होते.

आणि एका रविवारी शिंप्याने खिशातून ‘तो’ काढला.

युद्धात सैन्यासाठी उत्तम पाव भाजणाऱ्याला मिळणारा बिल्ला. ढालीसारखा. लाल मिन्याचा.

"जुन्या बटणांच्या डब्यात सापडला, साडूभाऊ. खरा आहे का बघ. तू म्हणशील ते प्रमाण."

बटणांच्या डब्यात!

घड्याळजी वीस वर्षं तोच शोधत होता. त्याने बिल्ला भिंगाखाली धरला. अस्सल होता.

"दोन दिवस ठेव माझ्याकडे," तो म्हणाला.

या बिल्ल्यांच्या मागे आटे पाडलेला खिळा असतो. कापडाला भोक पाडून तो आत घालायचा आणि आतून चकती फिरवून आवळायची. बनवणाऱ्याचा छाप त्या चकतीवर. जाणकार आधी तीच उलटून बघतात.

घड्याळजीने चकती बदलली. छापाची खणात टाकली, कोरी बिल्ल्याला लावली.

"नक्कल आहे रे. चकती बघ, कोरी करकरीत."

शिंप्याचं तोंड उतरलं. मग तो हसला. "असू दे. इथे आणायच्या आधी कोटावर एक दिवस मिरवला, तेवढं पुरे. तुझा जीव जडलाय त्याच्यावर, मला दिसतंय. खोटा का असेना, तू ठेव."

मागितला असता तरी दिला असता...

घड्याळजीला याचाही हेवा वाटला. इतकं सहज हातातलं सोडणं त्याला उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

महिन्याभरात शिंपी गेला. झोपेतच.

पुढच्या रविवारी घड्याळजीने शटर अर्धं ओढलं. बिल्ला आणि चकती आता एकत्र करायची. त्याने खण उघडला.

चकती नव्हती.

दुकानात तीस-चाळीस घड्याळं टिकटिकत होती. पण मधेच दुसरा आवाज...

किर्र...

आटे फिरल्याचा.

शटरखालून पावलं दिसली. मेहुणी होती, शिंप्याची बायको. हातात तो लोकरी कोट.

"भावजी, हा तुमच्याकडे द्यायचा असं हे सांगून ठेवायचे." ती टेकली. "एक विचारू? तो पाववाला खरा होता का हो? रोज झोपताना म्हणायचे, माझी नजर अशी कशी चुकली."

कोटावर डावीकडे एक जागा रिकामी होती. नुसतं भोक.

घड्याळजीने आत हात घातला.

भोकाच्या मागे, कापडाला घट्ट बसलेली... चकती.

त्याने कोट उलटला. तोच छाप.

पुढून काहीच नाही. ना बिल्ला, ना खिळा. तरी चकती हलेना.

"काल झटकला तेव्हा आत हे नव्हतं," मेहुणी हळूच म्हणाली. "सांगा ना. खरा होता?"

एक शब्द पुरला असता. तेवढाही त्याच्याने देववला नाही.

"खोटाच होता, ताई."

किर्र...

त्याच्या बोटांखाली चकती आपोआप अर्धा वेढा फिरली. आवळत.

मेहुणी डोळे पुसत निघून गेली.

त्यानंतर खूप दिवसांनी तो माझ्याकडे बसला होता. मेहुणीला अजून खरं सांगितलं नाही म्हणाला. आज सांगू, उद्या सांगू. दर रविवारी चारला मात्र छातीत काहीतरी अर्धा वेढा फिरतं. डॉक्टरांना काही सापडत नाही.

मग त्याने कोटावरचा हात काढला.

त्याच्या स्वतःच्या कोटालाही डाव्या बाजूला एक भोक. आरीने पाडावं तसं गोल.

"आतून चाचपून बघ," तो म्हणाला.

मी हात पुढे केला नाही...

त्या दिवशी रविवार होता. चार वाजायला आले होते.