डावे मडगार्ड

'सदर महिला मानसिकदृष्ट्या अस्वस्थ होती. ती घरासमोरील उतारावर स्वतःहून रस्त्याच्या मध्यभागी आली व अज्ञात वाहनाखाली सापडून मरण पावली. पतीच्या वाहनाची बारकाईने तपासणी केली असता त्यावर कोणतीही खूण आढळून आली नाही.'

थोरलीने हा मजकूर इतक्या वेळा वाचला होता की त्यातले व्याकरणही तिला गुन्ह्यात सामील वाटू लागले होते. पुसलेली अक्षरे वाचणे हा तिचा पेशा होता. चामड्याच्या जुन्या पानांवरचा मजकूर कुणीतरी सुरीने खरवडून त्यावर दुसराच लिहिलेला असतो. पान तिरप्या उजेडात धरून खालचा मजकूर उठवायचा, याचा तिला विद्यापीठात पगार मिळे. तेव्हा बहिणीच्या मरणाची सरकारी हकीकत तिने त्याच डोळ्यांनी वाचली. 'अस्वस्थ होती' हे सांगितले कुणी? नवऱ्याने. 'स्वतःहून आली' हे पाहिले कुणी? कुणीच नाही. धाकटीची सगळी नखे मुळापासून तुटली होती, त्याचे काय? रस्ता खडबडीत होता. आणि 'कोणतीही खूण नाही' या शब्दांपाशी ती दर वेळी थांबे. रोज वापरातल्या काळ्या गाडीवर खुणा असतातच. फडक्यातल्या धुळीने पडलेली कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे, पाखरांचे डाग, दाराच्या मुठीखाली नखांचे चरे. ज्या पानावर काहीच दिसत नाही ते एकतर कोरे असते, नाहीतर खरवडलेले. आणि वर्षानुवर्षे पळवलेली गाडी कोरी नसते.

तपास अधिकाऱ्याला तिने हे समजावून पाहिले होते.

"बाई, तुमच्या मेहुण्यांचा छंदच आहे तो," तो म्हणाला होता. "काय गाडी ठेवलीय हो! माझ्या टोपीवरचा बिल्ला दिसत होता तिच्यात."

"तुम्ही गाडी तपासलीत की तोंड पाहिलंत?"

तो दुखावला नाही. अशा माणसांची कातडी सरकारी असते. मग तिने त्याला एक फोटो दाखवला. गाड्या चमकवणाऱ्या हौशी मंडळींचा एक ग्रुप असतो आणि त्या मंडळींना एक खोड असते. बॉनेटच्या मधोमध निळी चिकटपट्टी लावायची, एक बाजू मशीनने पॉलिश करायची, दुसरी तशीच ठेवायची, आणि दोन्हींतला फरक जगाला दाखवायचा. मेहुण्याने अंत्यसंस्काराच्या दुसऱ्याच दिवशी असा फोटो टाकला होता. अर्धे बॉनेट काळ्याभोर पाण्यासारखे, त्यात उमटलेला त्याचा हसरा चेहरा. उरलेल्या अर्ध्यावर शेजारी शेजारी चार बारीक रेघा आणि त्यांना लागून एक खोल. सगळ्या पट्टीपाशी येऊन तुटलेल्या.

"पाहिलाय मी हा," अधिकारी म्हणाला. "लाइकपण केलाय. अहो, ओरखडे काय, मांजरसुद्धा काढतं. उद्या फाइल बंद होतेय. काही नवीन असेल तर आणा. राग सोडून दुसरं काही."

म्हणून ती त्याच दुपारी मेहुण्याकडे गेली. फाइल बंद झाली की धाकटी कायमची वेडी ठरणार होती, आपल्या पायांनी मरायला गेलेली.

गॅरेज घराला लागूनच होते. आत पाऊल टाकताच दवाखान्यात आल्यासारखे वाटे. पांढऱ्या भिंती, छताला दिव्यांच्या लांब पट्ट्या, फळीवर रंगांप्रमाणे लावलेली फोमची पॅड, घडी घातलेली मऊ फडकी. मधोमध ती काळी गाडी. धाकटी तिला 'माझी सवत' म्हणायची. "सवतीला रोज अंघोळ, मला मात्र 'हात धुऊन बस गं'," असे फोनवर सांगून ती हसायची. अलीकडे हसत नव्हती. मेली त्या दिवशी बॅग भरून ती थोरलीकडे कायमची यायला निघाली होती. सरकारी मजकुरात त्या बॅगेचा उल्लेख नव्हता. बॅग इथे होती, पॉलिशच्या बाटल्यांमागे, अजून भरलेली.

"या ताई," मेहुणा म्हणाला. चेहरा साळसूद, हात स्वच्छ, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. "तिची पुस्तकं न्यायला आलात ना? बांधून ठेवलीत."

"सावकाश. तुमचं चालू द्या, भावोजी. मला बघायचंय."

त्याला बरे वाटले. छंदिष्ट माणसाला फासावर चढवतानाही दोराविषयी विचारावे. तो माहिती सांगेल.

"लोकांना वाटतं, ओरखडा निघतो," तो म्हणाला. "ओरखडा कधी निघत नसतो, ताई. ओरखडा म्हणजे खड्डा. रंगावर काचेसारखा एक पातळ थर असतो, क्लिअर कोट म्हणतात. खड्ड्याच्या आजूबाजूचा थर तासत तासत तळापर्यंत आणायचा. सगळं एका पातळीत आलं की खड्डा कुठे उरतो?"

थोरलीने मान हलवली. धाकटीचा संसार त्याने याच रीतीने गुळगुळीत केला होता. आधी मैत्रिणी गेल्या, मग नोकरी, मग माहेरचे फोन. सगळे एका पातळीत.

त्याने खिशातून थर मोजायचे छोटे गेज काढले आणि दारावर टेकवले. आकडा पाहून समाधानाने हुंकारला. मग डाव्या मडगार्डवर टेकवले. आकडा दुपटीवर गेला.

"हे पुन्हा रंगवलेलं आहे. तिनं खांबाला घासलं होतं. कंपनीचा रंग तो कंपनीचा. तेव्हापासून हे मडगार्ड माझ्या मनातून उतरलं."

"आणि बॉनेट?"

तो थांबला. गेज टेकवले, उचलले, पुसले, पुन्हा टेकवले.

"रोज तासताय ना? मग आकडा कमी व्हायला हवा."

"बॅटरी उतरली असेल."

"जास्त आहे?"

"कालच्यापेक्षा जास्त आहे," तो हळूच म्हणाला. "परवापेक्षा काल जास्त होता."

"अर्धं-अर्धं करून दाखवता? धाकटी म्हणायची, तुमचा हात बघण्यासारखा असतो."

ती असे कधीही म्हणाली नव्हती. पण कौतुकापुढे त्याची अक्कल नेहमीच गहाण पडे. त्याने निळी पट्टी लावली, पॅडवर पॉलिशचे थेंब टाकले आणि मशीन सुरू केले. खालच्या सुरात घरघर सुरू झाली. हात सरळ रेषेत, एकावर एक चढत जाणाऱ्या फेऱ्या, दाब सारखा. हात खरोखरच बघण्यासारखा होता. थोरलीने स्टँडवरचा दिवा उचलून तिरपा धरला, जुने पान धरावे तसा.

पॅड जिथून सरकले तिथे रेघा दिसल्या. चार बारीक, एक खोल.

"राहिल्यात," ती म्हणाली.

"राहिल्या नाहीत. आत्ता नव्हत्या."

त्याने पुन्हा फिरवले. रेघा लांबल्या. त्या वरून पडलेल्या नव्हत्या. खड्ड्याला कडा असतात, तिरप्या उजेडात त्यांची सावली आत पडते. हे तिला पानांवरून ठाऊक होते. इथे सावली बाहेर पडत होती. कोणीतरी पत्र्याच्या पलीकडून नखे ओढावीत तशा त्या वर येत होत्या.

मशीन थांबले. त्या शांततेत एक बारीक खरखर ऐकू आली आणि तीही थांबली.

"पत्रा गरम झाला की वाजतो," तो म्हणाला.

त्याने पॅड उलटून पाहिले. काळ्या गाडीचा क्लिअर कोट पांढरा निघतो, हे त्यानेच सांगितले असते. पॅडवर तपकिरी तांबूस काहीतरी माखले होते आणि जळक्या नखांचा वास येत होता. त्याने पॅड भिरकावले. फळीवरून दुसरे, जडशीळ मशीन काढले आणि त्याला लोकरीचे पॅड चढवले.

"हे नवशिक्यांनी वापरू नये. रंग उतरवतं. पण आता हिला दाखवतोच."

"कुणाला?"

मशीन किंचाळले. तो पूर्ण अंगाने त्यावर रेलला. कोळसा उगाळावा तितका काळाच म्हणतात. हे बॉनेट उगाळावे तितके लाल होत होते. रेघा निळ्या पट्टीपाशी पोचल्या. या वेळी तुटल्या नाहीत. पट्टी मधोमध चिरली आणि त्या पलीकडे गेल्या, काचेच्या दिशेने, वायपरच्या मुळाशी, जिथे बुडणारा माणूस हात घालील तिथे.

पॅड उसळले. त्याच्या डाव्या बाहीचे टोक लोकरीत गुंतले आणि बाही खांद्यापर्यंत फाटत गेली.

त्याच्या दंडावर रेघा होत्या. चार बारीक, एक खोल. जुन्या नव्हत्या. थोरलीच्या डोळ्यांदेखत त्या कोपराकडे सरकत होत्या.

त्याने हात दिव्याखाली धरला आणि फिरवून पाहिला, एखादा पत्रा पाहावा तसा. चेहऱ्यावर भीती नव्हती. अडचण होती.

"खोल आहेत," तो म्हणाला. "पण निघतील."

आणि त्याने मशीन स्वतःच्या दंडावर टेकवले.

पहिली फेरी कोपरापासून खांद्यापर्यंत सरळ गेली. भिंतीवर तांबड्या शिंतोड्यांची कमान उमटली. दुसरी फेरी तिच्यावर चढत गेली, दाब सारखा. तो ओरडला नाही. कातडी लोकरीत गुंडाळली जात होती आणि तो मध्येच पॅड झटकून पुन्हा कामाला लागत होता.

थोरली भिंतीकडे धावली. तिने वायर ओढली. प्लग तिच्या हातात आला.

मशीन चालूच राहिले.

ती हातातल्या प्लगकडे पाहत उभी राहिली. पितळेच्या पिना थंड होत्या.

दंडातले हाड पांढरे दिसू लागले. त्या पांढऱ्यावर चार रेघा होत्या आणि एक खोल.

"अजून आहे," तो पुटपुटला.

"खोल ती तिच्या अंगठीची?" थोरलीने विचारले. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

त्याने मान वर केली. मशीनच्या किंकाळीवरूनही त्याचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. मघाशी क्लिअर कोटविषयी बोलतानाचा तोच आवाज, समजूतदार आणि किंचित अभिमानाचा. तो फोटोत होता तसा हसलाही. मग त्याने सांगितले. थोरली कुणाचाही मजकूर सुधारून लिहीत नाही. मिळाला तसा उतरवते. अधिकाऱ्याच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी तिने ठेवले ते हे:

"बॅग मी डिकीत टाकली होती. ती बॉनेटवर आडवी पडली, बॅग द्या म्हणाली. मी गाडी काढली. उतरेल म्हटलं. उतरली नाही, वायपर धरून राहिली. उतारावर ब्रेक मारता आला असता, ताई, नाही असं नाही. पण ब्रेक मारला असता तर ती पुढं घसरली असती आणि अंगठी सबंध बॉनेटभर ओढली गेली असती. म्हणून नाही मारला. स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, म्हणजे ती डावीकडून पडेल. मागचं चाक तिच्यावरून गेलं तेव्हा कळलं मला. डावं मडगार्ड तसंही पुन्हा रंगवलेलंच होतं."